आठवणींना टाका घाला!

सुट्टीत कुठंही जा, येताना पिशवीत काहीतरी असतंच. पंढरपूरहून चुरमुरे, तुळशीची माळ. तुळजापूरहून कवड्यांची माळ. आपल्या सोलापुरात आलेला पाहुणा तर चादर घेतल्याशिवाय हलत नाही. तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय! पण खाऊ संपतो, शोपीसवर धूळ बसते नि फोटो मोबाइलमध्येच राहतात. त्यापेक्षा प्रवासात नेसलेली साडी जुनी झाली, की तिचा तुकडा गोधडीत घाला. साखळी टाक्यानं गावाचं नाव, साल काढा. आणि मैत्रिणींनो, कोपऱ्यात स्वतःचं नावही घाला. बाई कुठं कुठं फिरली, हे घरात कुणी लिहून ठेवत नाही. उद्या नात ती गोधडी पांघरेल, तेव्हा ‘ही कुणाची?’ असं तिला विचारत बसायला नको.