मुंबईचा वळसा

सोलापूर ते अमरावती हे अंतर सरळ रेषेत सुमारे 400 किलोमीटर. छोट्या धावपट्ट्यांवर उतरणारे एटीआर-72 विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास वेगाने उडते. चढण्या-उतरण्याचा वेळ धरला तरी सव्वा तासात हा प्रवास व्हावा. पण या दोन शहरांत थेट विमान नाही. हवाईमार्गेच जायचे तर आधी पश्चिमेला मुंबई गाठायची आणि तिथून पुन्हा पूर्वेला यायचे. सोलापूर-मुंबई 360 आणि मुंबई-अमरावती 540, म्हणजे एकूण 900 किलोमीटर. त्यात अमरावतीचे विमान एप्रिल 2025 मध्ये सुरू झाले तेच आठवड्यातून तीन दिवस. जोडविमानाची वेळ जमली नाही की मुंबईत मुक्काम आलाच. एवढा खटाटोप करण्यापेक्षा प्रवासी रात्रीची स्लीपर बस पकडतो, आणि मग या मार्गाला मागणीच नाही, असा निष्कर्ष काढला जातो.

हा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण नसलेल्या सेवेला प्रवासी मिळणार कुठून? मूळ दोष मार्ग ठरवण्याच्या पद्धतीत आहे. 2016 च्या ‘उडान’ योजनेत मार्गासाठी बोली विमान कंपनी लावते आणि तिला तोट्याची भरपाई तीन वर्षे मिळते. कंपनी साहजिकच महानगराकडे जाणारा मार्ग निवडते. महालेखापरीक्षकांचा 2023 चा अहवाल या बाबतीत बोलका आहे: बोलीच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत आणि तीन वर्षांची ही मुदत संपल्यावर मार्च 2023 मध्ये टिकून होते अवघे 54. विमानतळाची कोनशिला आणि उद्घाटन यांवर जेवढे लक्ष दिले जाते, तेवढे वेळापत्रकावर दिले असते तर हे आकडे असे नसते.

समृद्धी महामार्ग असताना विमान कशाला, असे विचारले जाईल. 701 किलोमीटरचा हा रस्ता जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला, पण तो नागपूर-मुंबई धावतो. सोलापूरकराला किंवा कोल्हापूरकराला विदर्भात जाण्यासाठी त्याचा फारसा उपयोग नाही. दीड-दोनशे किलोमीटरपर्यंत रस्ताच सरस, हे मात्र मान्य करायला हवे. तिथे विमानाचा हट्ट धरू नये. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सरकारी पैसा विमानाने फिरणाऱ्यांवर का उधळायचा? पण तो पैसा आजही खर्च होतोच आहे. ‘उडान’च्या भरपाईतला वाटा राज्य उचलते, इंधनावरचा करही कमी करते. धावपट्टी बांधून ती दिवसभर रिकामी ठेवणे ही त्याहून मोठी उधळपट्टी आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात तारीख असलेला वकील, मोठ्या शस्त्रक्रियेसाठी निघालेला रुग्ण किंवा बाजारपेठा जोडू पाहणारा व्यापारी यांना वाचलेल्या तासांचे मोल पुरेपूर कळते.

म्हणून राज्य सरकारने कंपन्यांच्या बोलीची वाट पाहत बसू नये. सोलापूर-अमरावती आणि कोल्हापूर-नांदेड-नागपूर हे दोन मार्ग स्वतः आखावेत, आठवड्यातले ठरावीक दिवस व सकाळ-संध्याकाळच्या वेळा निश्चित कराव्यात आणि भरपाई प्रत्यक्ष झालेल्या उड्डाणांवरच द्यावी. आगामी अर्थसंकल्पात नव्या विमानतळाची घोषणा करण्याआधी या दोन मार्गांसाठी तरतूद करावी.