रंगपेटी नको, तासिका द्या!



मागच्या हिवाळ्यात विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या बालरोग वॉर्डात मी एका मुलीला भेटायला गेलो होतो. वय तेरा, सिकलसेल. थंडी पडली की हातापायांत असह्य कळा येतात, मग सलाईन, वेदनाशामक, आठ-दहा दिवस भरती. आमच्या कामात अशी घरं नेहमीचीच. त्या दिवशी वॉर्डात एका संस्थेचा 'रंगोत्सव' सुरू होता. एकसारखे टी-शर्ट घातलेले दहा-बारा स्वयंसेवक, फुगे, रंगपेट्या, फोटोग्राफर. मुलीच्या उजव्या हाताला सुई लावलेली, म्हणून तिनं डाव्या हातानं चित्र काढलं. विहीर काढली. विहिरीवर तिची आजी. दीड तासानं कार्यक्रम संपला आणि सगळ्या पोरांची चित्रं गोळा करून मंडळी निघून गेली. चित्रं देणगीदारांच्या कॅलेंडरसाठी हवी होती. पोरीच्या आईनं मला विचारलं, "भाऊ, ते चित्र वापस भेटन का?" मी संस्थेला दोनदा फोन केला. चित्र परत आलं नाही.

त्या तरुणांच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. मुद्दा हेतूचा नाहीच. मुद्दा हा आहे की गरीब, आजारी, अपंग पोरांच्या वाट्याला कला कायम पाहुणी म्हणून येते. २६ जानेवारीला येते, दिवाळीला येते, कुणाच्या वाढदिवसाला येते आणि जाताना पोरांचीच वस्तू घेऊन जाते. अंध मुलांच्या वसतिगृहात देणगीदार आले की पोरांना स्वागतगीताला उभं करतात. त्या पोराला गायचं आहे का, काय गायचं आहे, हे कोण विचारतो? सवर्ण मध्यमवर्गीय घरातलं पोर आठवड्यातून दोनदा तबल्याच्या क्लासला जातं, तेव्हा त्याला 'संस्कार' म्हणतात. आमच्या पोराच्या हातात वर्षातून एकदा ब्रश येतो, त्याला 'उपक्रम' म्हणतात. दोघांतला फरक फक्त पैशाचा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी जरा पुढं वाचावं.

दहावीला शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकला यांसाठी सवलतीचे वाढीव गुण मिळतात. वरवर पाहता चांगली गोष्ट. पण हे गुण मिळवायचे कसे? शास्त्रीय गायन-नृत्याच्या पाठोपाठच्या परीक्षा द्याव्या लागतात, त्या खासगी क्लासशिवाय होत नाहीत. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला बसवायला शाळेत कलाशिक्षक लागतो. म्हणजे ज्याच्या घरात आधीच तानपुरा आहे, त्याच्या गुणपत्रिकेत सरकार आणखी भर घालतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणायचा. एम.ए.ला आम्ही हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्याचा खरा अर्थ वस्तीत काम करताना कळला.

बरं, कायदा नाही असंही नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. पण अट काय? पट १०० च्या वर हवा. आता वस्तीवरच्या, तांड्यावरच्या, पाड्यावरच्या किती शाळांत सहावी ते आठवीला शंभर पोरं असतात? जिथं कलाशिक्षकाची सगळ्यात जास्त गरज, तिथंच कायद्यानं दार लावून घेतलं. आणि जिथं पट आहे तिथं हे निदेशक मानधनावर, करारावर, नेमणुकीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ तर आणखी स्पष्ट आहे. त्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत. कलम २९ सांस्कृतिक जीवनाबद्दलच आहे, आणि कला विषयांचे अभ्यासक्रम दिव्यांगांना सहभागी होता येईल असे बदला, असं तिथं लिहिलेलं आहे. भारतानं १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क करारातही खेळ, विश्रांती आणि सांस्कृतिक जीवन हा मुलाचा हक्क आहे. हक्क! कुणाच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतली खिरापत नव्हे. २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, २०४७ चं लक्ष्य ठरलं. तपासणी होते, कार्ड मिळतं, ते हवंच. पण महिन्यातले आठ दिवस खाटेवर काढणाऱ्या पोराच्या बालपणाचं काय करायचं?

आता थोडं आपल्या लोकांबद्दल. हे लिहिताना मला अवघड जातं. आपल्या बापजाद्यांनी हलगी खाली ठेवली ती लाचारी झुगारण्यासाठी. जातीनं लादलेलं वाजवणं सोडणं हीच त्या वेळची क्रांती होती, तिला माझा सलाम. पण त्या रागात आपण वाजवणंच सोडून दिलं का? आज मी पालकांना भेटतो तेव्हा ऐकतो, "चित्रं काढून पोट भरते का? अधिकारी बनव म्हणा." अरे, अण्णाभाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले. वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षर शिकले आणि त्यांनी गावोगाव बाबासाहेब पोचवले. भीमराव कर्डकांच्या जलशानं जे केलं ते शंभर पत्रकांनी झालं नसतं. खुद्द बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. ज्या माणसाला राज्यघटनेच्या कामातून श्वास घ्यायला फुरसत नव्हती, त्याला ते फालतू वाटलं नाही. आणि आपण जयंतीच्या डीजेला लाख रुपये मोजतो, त्याच वस्तीतल्या विहारात हार्मोनियमला धूळ बसलेली असते.

तेव्हा मागणी सरळ आहे. शंभर पटाची अट काढा. कलाशिक्षकाचं पद कायम करा. जिल्हा रुग्णालयाच्या बालरोग वॉर्डात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी पगारी शिक्षक पाठवा, पोर भरती असेल तेवढे दिवस तो त्याचा शिक्षक. पोरांनी काढलेलं चित्र पोरांचं. आईबापाच्या आणि पोराच्या संमतीशिवाय ते वॉर्डाबाहेर जाता कामा नये. विहार समित्यांनीही रविवारची एक तासिका लावावी, सरकारची वाट पाहत बसू नये.

ती मुलगी आता आठवीत आहे. तिला एलिमेंटरीला बसायचंय. शाळेचं म्हणणं, हजेरी कमी आहे, तब्येत अशी आहे, "कशाला त्रास देता तिला?" परीक्षेत वाढीव वेळ देण्याची तरतूद २०१६ च्या त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे, हे आम्ही अर्जात लिहून दिलंय. तीन आठवडे झाले, पोच मिळाली आहे, उत्तर नाही. सोमवारी तिची आई आणि मी पुन्हा जाणार आहोत.