वेटिंगमधली गाडी आणि वरचे पैसे



यंदा दसऱ्याच्या आधी आमच्या घरात दोन दिवस अबोला होता. कारण होते मोटारसायकल.

नातू बार्शीच्या कॉलेजात जातो. कुर्डुवाडीहून एस.टी.च्या वेळा जुळत नाहीत, प्रॅक्टिकल असले की घरी यायला रात्र होते. त्याला गाडी घ्यायची हे उन्हाळ्यातच ठरले होते. २२ सप्टेंबरपासून जीएसटी कमी होणार म्हणून थांबलो होतो. शोरूममध्ये गेलो तर उत्तर मिळाले, "या मॉडेलला दीड महिना वेटिंग आहे." थोड्या वेळाने तोच माणूस आवाज खाली आणून मुलाला म्हणाला, "ॲक्सेसरीजचं पॅकेज घ्या, विमा आमच्याकडूनच काढा, दसऱ्याला गाडी दारात उभी करतो." पॅकेज साडेसहा हजारांचे.

मुलगा तयार होता. नातू तर आशेने माझ्याकडेच बघत होता, कारण गाडीचे निम्मे पैसे माझ्या ठेवीतले. मी म्हणाले, "नको. नंबराने घेऊ." झाले, तिथून अबोला सुरू.

मी बी.कॉम. झालेली बाई. घरी आल्यावर वहीत हिशेब मांडला. गाडीची मूळ किंमत ७०,००० धरा. आधी ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवर २८ टक्के कर होता, म्हणजे १९,६०० रुपये. आता १८ टक्के, म्हणजे १२,६००. वाचले ७,०००. त्यातले साडेसहा हजार पॅकेजला दिले की हातात राहिले पाचशे. ज्या सवलतीसाठी महिनाभर थांबलो, ती एका आठवड्याच्या घाईसाठी देऊन टाकायची?

ही टंचाई का झाली तेही समजून घ्या. १५ ऑगस्टला कर कमी होणार अशी घोषणा झाली आणि लोकांनी खरेदी थांबवली. मग पितृपक्ष आला, त्यात पुष्कळ जण गाडी घेतच नाहीत. आणि २२ सप्टेंबरला घटस्थापना आणि नवा दर एकाच दिवशी. महिनाभराचे गिऱ्हाईक आठवड्यात शोरूमच्या दारात उभे राहिले. कारखाना काही चक्की नाही, की जास्त दळण आले की दोन तास जास्त चालवली. पण ही टंचाई गर्दीची आहे. गर्दी ओसरली की तीच गाडी त्याच किमतीला मिळते.

आमच्या काळातली टंचाई वेगळी होती. कारखान्याने वर्षाला किती स्कूटर बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवी. बजाजची चेतक १९७२ मध्ये आली, आणि पुढे कितीतरी वर्षे लोक नंबर लावून थांबत. हातात आलेली नवी गाडी लगेच ऑनने विकली जाई. ऑन म्हणजे छापील किमतीच्या वरचे पैसे. १९८५ च्या सुमाराला नव्या कंपन्यांच्या मोटारसायकली आल्या, १९९१ नंतर परवाना पद्धत गेली, तेव्हा कुठे ग्राहकाला मान मिळू लागला.

आता एक गोष्ट सांगते, जी मी आजवर कुठे लिहिली नाही.

मामंजींनी १९७४ मध्ये स्कूटरसाठी नंबर लावला होता. मी १९८१ मध्ये लग्न होऊन या घरात आले आणि दुसऱ्या वर्षी आमचा नंबर लागला. घरात आनंदीआनंद. सासूबाईंनी सीटसाठी हिरव्या कापडाचे कव्हर शिवून ठेवले होते. तेवढ्यात एका व्यापाऱ्याने ऑन देऊ केला. मीच पुढे होऊन म्हणाले, "मामंजी, मागणी जास्त आणि पुरवठा कमी, म्हणून हा भाव आहे. विकून टाकू, पुन्हा नंबर लावू." शिकलेली सून म्हणून सगळ्यांनी ऐकले. पैसे दुकानात घातले. आमचे हे त्यानंतर पाच वर्षे सायकलवरूनच दुकानात गेले, स्टेशनवरून मालाचे गठ्ठे सायकलवरच आणले. एका शब्दाने बोलले नाहीत. ते कव्हर ट्रंकेत तसेच राहिले.

तेव्हा मला वाटायचे, काळाबाजार करणारे कोणी वेगळे लोक असतात. ऑन घेतला तो आम्हीच की!

पाठशाळेत आपण अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार पाठ करतो. त्यातला विरुद्धराज्यातिक्रम मला लहानपणी कधी कळला नाही. राज्याचे नियम डावलून, अडचणीच्या काळाचा फायदा घेऊन केलेला व्यवहार, असा अर्थ आमच्या बाईंनी सांगितला होता. तो कळायला मला स्कूटर विकावी लागली.

शोरूममध्ये आमच्या शेजारी एक माणूस बसला होता. सीनाकाठच्या गावचा, दुधाचा रतीब घालणारा. सप्टेंबरच्या पुरात माढा तालुक्याचे काय झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले. त्याची गाडी त्या पाण्यात गेली होती. त्याचे बुकिंग आमच्या आधीचे होते, आणि त्याला पॅकेज परवडणारे नव्हते. आम्ही साडेसहा हजार दिले असते तर नातवाला गाडी कोणाच्या वाटची मिळाली असती? गाड्या तर तेवढ्याच येणार होत्या.

काही जणी म्हणतील, वेळेलाही किंमत असते, आणि दुकानदाराने कमवायचे नाही का? जरूर कमवावे. लेगगार्ड हवा असेल तर घ्यावा, पावती घ्यावी. पण नको असलेली वस्तू गळ्यात मारून नंबर पुढे सरकवणे ही विक्री नव्हे. आणि आपण हौसेने पैसे दिले की उद्या गरजवंतालाही तेच मागितले जातात.

म्हणून तुमच्या घरी गाडी घ्यायची असेल तर बुकिंगची तारीख आणि नंबर पावतीवर लिहून घ्या. किमतीचा तपशील कागदावर मागा. विमा कुठल्या कंपनीचा घ्यायचा हे आपण ठरवायचे. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, मात्र नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा लागतो हे लक्षात ठेवा. हेल्मेट गाडीसोबत द्यायचा नियम आहे. साडी चाकात अडकू नये म्हणून मागच्या चाकाला लागणारे संरक्षणही नियमातलेच आहे. पॅकेजच्या यादीत या वस्तू दिसल्या तर विचारा, आणि घरातल्या पुरुषांना संकोच वाटत असेल तर तुम्ही विचारा.

मुहूर्ताचे म्हणाल, तर आपली दिवाळी महावीर स्वामींच्या निर्वाणाची. त्या पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवायचा असतो. दारात नवी गाडी नसली म्हणून त्यात काही कमी पडत नाही.

आमची गाडी नोव्हेंबरच्या मध्यावर आली. नातू अजून म्हणतो, "आजी, तुझ्यामुळे माझी दिवाळी एस.टी.त गेली." म्हणू दे. त्या दूधवाल्याला गाडी कधी मिळाली ते मला कळले नाही. आमच्या आधी मिळाली असावी, एवढीच इच्छा आहे.

सासूबाईंचे ते हिरवे कव्हर मी ट्रंकेतून काढले. नव्या सीटला ते बसत नाही. धुऊन, इस्त्री करून परत ठेवले आहे.

जय जिनेंद्र.