पाण्याचे नवे सोवळे

जूनमध्ये गच्चीवरचं पाणी गटारात सोडायचं आणि एप्रिलमध्ये टँकरवाल्याला फोन लावायचा, हा अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतचा आपला कुळाचारच होऊन बसला आहे. याला आपण पाणीटंचाई म्हणतो. टंचाई निसर्गाकडून येते. हे तर आपलं कर्तृत्व आहे.

नामिबियाची राजधानी विंडहूक वाळवंटी मुलखात वसली आहे. वर्षाचा पाऊस चारशे मिलिमीटरलाही पोचत नाही. तिथल्या लोकांनी 1968 साली सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या नळात सोडायला सुरुवात केली आणि आजही ते पाणी पितात. इस्रायल आपलं बहुतेक सांडपाणी शुद्ध करून शेताला देतो. आणि आपण? सांताक्रूझच्या वेधशाळेत एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला जातो. 26 जुलै 2005 रोजी चोवीस तासांत 944 मिलिमीटर पडला, विंडहूकला दोन वर्षांतही मिळत नाही इतका. तो सगळा आपण समुद्राला दिला. आता त्याच समुद्राचं पाणी मनोरीला गोडं करण्याचा प्रकल्प आखला आहे. आकाशातून फुकट आलेलं गोडं पाणी आधी खारं होऊ द्यायचं आणि मग कोट्यवधी रुपये मोजून त्यातलं मीठ काढायचं! वाळवंटातल्या माणसाला हे सांगितलं तर तो आपल्याला वेड्यात काढेल.

कायदा नाही म्हणावं, तर तोही आहे. मोठ्या भूखंडावरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण 2002 साली सक्तीचं झालं. 2007 मध्ये ती सक्ती तीनशे चौरस मीटरच्या भूखंडापर्यंत खाली आली. पुढे काय होतं ते उपनगरातल्या कुठल्याही वॉचमनला विचारा. बिल्डर खड्डा खणतो, भोगवटा प्रमाणपत्र हातात पडतं, मग खड्ड्यावर फरशी येते आणि फरशीवर कोणाची तरी गाडी. हिशेब मात्र पोराटोरांना जमेल असा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पाचशे चौरस मीटरच्या गच्चीवर दोन हजार मिलिमीटर पडला की दहा लाख लिटर. वीस टक्के वाया गेलं धरा, तरी दहा हजार लिटरचे ऐंशी टँकर उरतात. सगळं साठवता येणार नाही, मान्य. पण विहिरीत, बोअरवेलच्या भोवती मुरवता येतं. त्या विहिरीच आपण बुजवल्या, ही गोष्ट वेगळी.

आपल्या नळाला येणारं पाणी मग कोणाचं? तानसा 1892 पासून, मोडकसागर 1957 पासून, त्यामागून भातसा: शहापूरच्या डोंगरदऱ्यांतून हे पाणी जाड जलवाहिन्यांनी शुद्धीकरण केंद्रांपर्यंत येतं. ज्या तालुक्यात ही धरणं आहेत, तिथल्या आदिवासी पाड्यांवर दर उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन डवरे शोधत फिरतात आणि सरकारी टँकरच्या मागे धावतात. धरण दारात, टँकर दारात, फक्त पाणी दुसऱ्याच्या घरात. एवढ्यानंही आपलं भागत नाही. आता गारगाई नदीवर धरण हवं, मग त्यात गावं जावोत की लाखो झाडं. आणि आहे त्या पाण्याचा पाव हिश्शाहून मोठा भाग गळती व चोरीत जातो, त्याबद्दल आपण मोर्चा काढल्याचं मला तरी आठवत नाही.

शहराच्या आतही तीच वाटणी. पालिकेच्या मापदंडानं इमारतीत राहणाऱ्याला माणशी 135 लिटर आणि झोपडीत राहणाऱ्याला 45. तहान काय पत्ता विचारून लागते? 2000 नंतरच्या वस्त्यांना तर नळच नको, असं धोरण होतं. पाणी हक्क समिती त्याविरुद्ध न्यायालयात गेली, आणि डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की घर बेकायदा असलं तरी माणसाचा पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. सुशिक्षित शहराला हे न्यायाधीशांनी शिकवावं लागलं! घाटकोपरच्या टेकडीवर चढलेल्या वस्तीत बाई पहाटे उठून ड्रम भरते. खाली आपण पाइप लावून गाडी धुतो आणि वर म्हणतो, ‘ते लोक पाणी चोरतात.’

महाराष्ट्राला पाण्याचं सोवळं नवं नाही. जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तेव्हा कुठल्या ठरावाची वाट पाहिली नाही. पुढे 1923 साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव आणला, तो मंजूरही झाला. महाडच्या नगरपालिकेनं तो पुढच्याच वर्षी स्वीकारला. तरीही 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर जावं लागलं, कारण ठराव कागदावर होता आणि तळं सवर्णांच्या ताब्यात. आपण त्या सवर्णांना आज नावं ठेवतो. पण त्यांच्यासारखाच आपणही नियम दप्तरात ठेवून पाणवठा स्वतःच्या कब्जात ठेवला आहे. जातीच्या जागी भोगवटा प्रमाणपत्र विचारतो, इतकाच फरक.

एप्रिल 2025 मध्ये टँकरवाल्यांनी संप केला. कारण होतं भूजल उपशाचे नियम. चार-पाच दिवसांत उपनगरातल्या टोलेजंग इमारतींची भंबेरी उडाली आणि पालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायदा काढावा लागला. त्या दिवसांत सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एकच मागणी होती, टँकर सुरू करा. जमिनीखालचं पाणी कोणाचं, ते कोण किती उपसतो, आपल्या गच्चीचं पाणी कुठे जातं, हे विचारायला कोणालाही फुरसत नव्हती. टँकर आले, विषय संपला.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते. त्यात पार्किंगवर दोन तास भांडण होईल, ते होऊ द्या. पण त्याआधी विषयपत्रिकेवर तीन गोष्टी लेखी मागा: फरशीखालचा खड्डा उघडून गच्चीचे पाइप त्याला जोडणे, प्रत्येक घराला पाण्याचा मीटर, आणि धरणालगतच्या पाड्यांना आधी नळ द्यावा असं पालिकेला व सरकारला सोसायटीच्या सहीशिक्क्याचं पत्र. सेक्रेटरी टाळाटाळ करतील, कारण हा खर्च सगळ्यांनी मिळून करायचा आहे. तरी मागा, आणि सही तुमची पहिली असू द्या.