हाक गल्लीबाहेर जात नाही

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेतली नवी यंत्रं १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते स्वतःच घेऊन बसली होती. डीएचसीपीची पहिली विनंती म्हणजे गल्लीत मारलेली हाक. राउटर ती पलीकडे नेत नाही. त्यासाठी रिले होता, तरी उत्तर नाही. सहकारी म्हणाला, "प्रत्येक सबनेटला वेगळा सर्व्हर लावू." मला हे अजिबात पटत नाही. चार सर्व्हर म्हणजे चार वह्या, आणि त्या कधी जुळत नाहीत (सोसायटीचा हिशेब पाहिलाय ना?). रिले विनंतीत स्वतःचा पत्ता भरतो, त्यावरून सर्व्हरला सबनेट कळतं. हा रकाना १९८५ च्या बूटपीपासून आहे. सर्व्हरचं उत्तरही त्याच पत्त्यावर, पोर्ट ६७ वर येतं. आमच्या फायरवॉलने नेमकं तेच अडवलं होतं. एक नियम बदलला, झालं!