गर्भपाताचा कायदा आणि अज्ञानाची किंमत

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संसदेने १९७१ मध्ये संमत केला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. ज्या समितीच्या शिफारशींवर तो उभा राहिला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री होते, ही या राज्याला भूषणावह अशी गोष्ट आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला घटनात्मक संरक्षण देणारा निकाल त्यानंतर, १९७३ मध्ये दिला आणि २०२२ मध्ये तो स्वतःच रद्द केला. त्याच वर्षी, २९ सप्टेंबर रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने विवाहित आणि अविवाहित असा भेद या कायद्याच्या बाबतीत करता येणार नाही, असा निर्णय दिला. कायद्यापुरते बोलायचे तर आपण पुष्कळांच्या पुढे आहोत. प्रश्न आहे तो हा कायदा ज्यांच्यासाठी केला, त्यांच्यापर्यंत तो पोहोचला काय, हा.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर संकोचाने एक हकीकत सांगितली. तिची थोरली बहीण दोन मुलांची आई; तिसरे मूल नको होते. सातव्या आठवड्यात ती गावातील औषधांच्या दुकानात गेली. तेथे सांगण्यात आले की, ‘त्या गोळ्यांवर सरकारची बंदी आहे.’ मग ती तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात गेली. तेथे नवऱ्याची सही मागितली गेली. नवरा मालमोटारीवर चालक. तो परतायला सोळा दिवस लागले. तोवर गोळ्यांनी काम भागण्याची मुदत टळली होती. शस्त्रक्रियेसाठी जी रक्कम सांगण्यात आली, ती उभी करण्यासाठी कानांतली फुले गहाण पडली. हे सारे होऊन गेल्यावर कोणीतरी तिला सांगितले की, जवळच्याच उपजिल्हा रुग्णालयात ही सोय विनामूल्य होती.

या हकिकतीतील एकही अडथळा कायद्याने घातलेला नाही. गोळ्यांवर बंदी नाही. मिफेप्रिस्टोन या औषधाला आपल्याकडे २००२ मध्येच मान्यता मिळाली असून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नऊ आठवड्यांपर्यंत ते घेता येते. नवऱ्याची संमती कायदा मागत नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. पालकांची लेखी संमती लागते ती तिचे वय त्याहून कमी असल्यास. तिचे नाव उघड करणाऱ्यास २०२१ च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते, वीस ते चोवीस आठवड्यांत विशिष्ट परिस्थितीतील स्त्रियांसाठी दोघांचे. गर्भनिरोधक साधन निकामी ठरणे हे कारणही कायद्याला मान्य आहे आणि २०२१ पासून तेथे ‘पती’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द आला आहे. ही चार-पाच वाक्ये त्या बाईला सातव्या आठवड्यात ठाऊक असती, तर तिची फुले कानांत राहिली असती.

अज्ञान फुकट नसते

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नसतो. कारण विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते. गर्भपाताच्या बाबतीत ही विषमता पराकोटीला पोहोचते. येथे गिऱ्हाईक चार दुकाने फिरून भाव पाहू शकत नाही, शेजारणीला विचारू शकत नाही आणि थांबूही शकत नाही. जाणारा प्रत्येक आठवडा उपचार अधिक अवघड आणि अधिक महाग करतो. वेळ हेच येथले चलन आहे आणि अज्ञानाची किंमत त्या चलनात मोजावी लागते. ज्या घरात ओळखीचा डॉक्टर आहे, त्या घरातील मुलीचा एक दिवस जातो; ज्या घरात नाही, तिथलीचा महिना जातो. म्हणजे अज्ञान हा एक प्रकारचा कर आहे, आणि उत्पन्न जितके कमी तितका त्याचा दर चढा आहे.

या कराचा पसारा केवढा आहे? मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा सहभाग असलेल्या एका अभ्यासानुसार २०१५ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यांपैकी ७३ टक्के रुग्णालयाबाहेर, औषधे मिळवून झाले. औषध योग्य वेळी व योग्य रीतीने घेतले तर ते सुरक्षित आहे. पण ते कसे घ्यावे, आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजावेत, किती रक्तस्राव झाला म्हणजे तडक रुग्णालय गाठावे, हे या स्त्रियांना कोणी सांगितले? बहुतेकींना ते दुकानाच्या फळीपलीकडच्या माणसाने सांगितले असेल, किंवा कोणीच नाही.

घोषणा म्हणजे माहिती नव्हे

सरकारने या विषयावर मौन पाळले, असे मात्र म्हणता येणार नाही. कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ पासून चालू आहे. लाल त्रिकोण आणि ‘हम दो, हमारे दो’ ही घोषणा खेड्यापाड्यांतल्या भिंतींवर पोहोचली. निरोध १९६८ पासून किराणा दुकानांत मिळू लागला. परंतु राज्यकर्त्यांना हवी होती ती लोकसंख्येत घट, नागरिकाचा निर्णय नव्हे. म्हणून घोषणा आल्या, उद्दिष्टे आली, आकडे आले. माहिती आली नाही. आणीबाणीत या दृष्टिकोनाचा कळस झाला. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते थांबले. त्या वर्षाच्या आठवणीने पुरुष या कार्यक्रमापासून दूर गेले आणि सारा भार स्त्रियांवर पडला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्त्री-शस्त्रक्रियेचा आधार घेणारी जोडपी ३८ टक्के आहेत, तर पुरुष-शस्त्रक्रियेचा आधार घेणारी ०.३ टक्के. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया दोहोंत सोपी. हे ज्या समाजाला सत्तर वर्षांत समजावून सांगता आले नाही, तेथे प्रचार झाला, शिक्षण झाले नाही, असेच म्हणावे लागेल.

दुसरा घोटाळा सद्हेतूतून झाला आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा प्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. देशाने १९९४ मध्ये. तो आवश्यकच होता. या राज्यातील शून्य ते सहा वयोगटातील मुलींचे दर हजार मुलग्यांमागील प्रमाण २००१ च्या जनगणनेत ९१३ होते, ते २०११ मध्ये ८९४ वर आले. बीड जिल्ह्यात तर ८०७ वर. पण या कायद्याच्या प्रचारात ‘गर्भलिंगनिदान हा गुन्हा’ या वाक्याचे रूपांतर पाहता पाहता ‘गर्भपात हा गुन्हा’ या समजुतीत झाले. त्यानंतरच्या कारवाईच्या धास्तीने अनेक औषधविक्रेत्यांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच सोडून दिले. वास्तविक या गोळ्या पहिल्या नऊ आठवड्यांसाठी आहेत आणि सोनोग्राफीत लिंग ओळखता येते ते त्यानंतर. गोळ्या नाहीशा झाल्याने एकही मुलगी वाचली नसेल. मात्र अडलेल्या बाईला पुढच्या, अधिक धोक्याच्या आठवड्यांत ढकलले गेले असेल.

खरी माहिती जेथे नसते, तेथे जागा रिकामी राहत नाही. भीती तेथे येऊन बसते, आणि भीतीला बाजारात भाव असतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये पाहणी झाली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. त्यांतल्या अनेकींना कर्करोगाची धास्ती घातली गेली होती, आणि पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादमाला दंड द्यावा लागतो, हे त्यांच्या नित्याच्या अनुभवाचे होते. तरुण स्त्रीला एवढी मोठी शस्त्रक्रिया का नको, हे सांगणारे माणूस त्या फडापर्यंत पोहोचले नाही.

कर्व्यांची परंपरा

अशी माहिती उघडपणे दिल्याने स्वैराचार वाढेल, हा आक्षेप नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तेव्हाही तो घेतला गेला. या कार्यापायी १९२५ मध्ये त्यांची विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी गेली. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत चालविले. त्यांच्यावरील १९३४ चा खटला वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. लोकांनी विचारले आणि त्यांनी सांगितले, एवढाच अपराध. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, खटला हरला. पण स्वैराचाराची भाकिते करणाऱ्यांपैकी कोणीही अज्ञानाने सदाचार वाढतो, हे अजून सिद्ध केलेले नाही. अज्ञानाने वाढतो तो उशीर, आणि उशिराने वाढतो तो धोका.

यावर उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राबाहेर जसा लिंगनिदानविरोधी फलक असतो, तसाच दुसरा फलक हवा: किती आठवड्यांपर्यंत, कोणाच्या संमतीने, किती खर्चात. मान्यताप्राप्त गर्भपात केंद्रांची नोंद जिल्हा पातळीवर असतेच. ती यादी तालुकावार ग्रामपंचायतीत लावावी. आशा सेविकेला नसबंदीच्या आकड्यांबरोबर हेही शिकवावे, आणि तिने ते सांगितले म्हणून तिच्याकडे संशयाने पाहू नये. महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थिनींना हा कायदा नागरिकशास्त्राचा भाग म्हणून, न लाजता शिकवावा, विद्यार्थ्यांनाही शिकवावा.

आपला कायदा मुळात अपवादाच्या भाषेत लिहिलेला आहे. १८६० च्या दंडसंहितेत गर्भपात गुन्हा होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही तो गुन्हाच आहे. १९७१ चा कायदा त्यातून एक वाट काढून देतो. या भाषेचा परिणाम असा की, गुन्हा सर्वांना ऐकून ठाऊक असतो आणि वाट मात्र शोधावी लागते. निर्णय शेवटी डॉक्टरच्या मतावर अवलंबून ठेवलेला असल्याने हा पूर्ण अर्थाने हक्कही नव्हे, आणि ती लढाई पुढे चालू राहील. परंतु जी वाट कायद्याने अर्ध्या शतकापूर्वी काढून दिली, तिच्यावर साधी पाटीसुद्धा लावायची नाही, ही कोणती नीती? विद्यार्थिनीची ती बहीण आज ठीक आहे. तिच्या गावात या महिन्यात आणखी कोणीतरी दिवस मोजीत असेल. तिच्यासाठी सातवा आठवडा आणि दहावा आठवडा यांत तीन आठवड्यांचे नव्हे, एका माहितगार शब्दाचे अंतर आहे.