सभा गावाची, तोंड एकाचे!

लग्नकार्यात भटजीबुवा मंत्र म्हणतात आणि यजमान मधून मधून 'मम' म्हणतो. मंत्राचा अर्थ त्यास ठाऊक नसतो व विचारण्याची छातीही नसते. आमच्या बहुतेक ग्रामसभांची आज हीच अवस्था आहे. फरक इतकाच की मंत्र म्हणणारे आता गावपुढारी झाले आहेत. 'मम' म्हणणारी रयत मात्र तीच!

वास्तविक ग्रामसभा ही कुणी घातलेली भीक नव्हे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, तेव्हापासून ग्रामसभेस राज्यघटनेतच जागा आहे. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव, तो तिचा सभासद. महाराष्ट्रात वर्षाकाठी निदान चार सभा घ्याव्या लागतात. घरकुल कुणास द्यावे, गावाचा आराखडा कसा असावा, पैसा कोठे खर्च झाला, हे सारे तिच्यापुढे यावयाचे. म्हणजे गळक्या छपराखाली निजणाऱ्या पोराबाळांचा निकाल याच सतरंजीवर लागतो. गणपूर्तीस एकंदर मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी, तेवढी माणसे पुरतात. तेवढीही न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अटच नाही! मग दहाबारा डोकी साऱ्या गावाच्या नावाने ठराव करून मोकळी होतात.

पुढारी म्हणतात, 'लोक येत नाहीत, आले तर बोलत नाहीत.' आमचा उलट सवाल असा की, लोकांनी बोलावे अशी सभा तुम्ही मांडली तरी कधी? वर खुर्च्या, खाली सतरंजी, बाया दाराआड. विषय कोणता, हे आल्यावर कळावयाचे. पहिला शब्द सरपंचाचा, दुसरा त्याच्या सोयऱ्याचा, आणि मग 'कुणाला काही म्हणावयाचे आहे काय?' ज्याच्या रानात उद्या खुरपणीस जावयाचे, त्याच्या तोंडावर 'नाही' कोण म्हणणार? गरिबाच्या शब्दाची किंमत त्याच्या मजुरीतून कापली जाते. ज्यास हे कळत नाही त्याने सभा चालवू नये.

सभा चालविणे म्हणजे भाषण करणे नव्हे. ते पाटकऱ्याचे काम आहे. पाटकरी पाण्याचा मालक नसतो. शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोहोचले की नाही, एवढे पाहणे त्याचे काम. वरचा वाफा भरला तर तो दारे मोडतो. सभेच्या अध्यक्षाने हेच करावे. विषय व त्यातले आकडे आठ दिवस आधी वाड्यावस्त्यांवर पोहोचवावेत. प्रश्न नेमका मांडावा. 'गावाचा विकास कसा व्हावा?' असे विचारले तर फक्त भाषणे होतील. 'यंदाच्या पैशात आधी नळ करावा की शाळेचे छप्पर?' असे विचारले तर म्हातारीसुद्धा बोलेल. सर्वांनी एकाच सतरंजीवर बसावे. आरंभी पाचसात जणांची टोळकी करून अर्धा तास आपसांत बोलू द्यावे. चारचौघांत न फुटणारे तोंड शेजाऱ्याजवळ फुटते. नंतर प्रत्येक टोळक्याचे म्हणणे जो कधी सभासद किंवा पुढारी नव्हता त्याने सांगावे. यात मोठी सोय अशी की मत टोळक्याचे ठरते. एकट्या मजुरावर राग धरता येत नाही. आणि अध्यक्षाने स्वतःचे मत सर्वांच्या शेवटी द्यावे. त्याने आधी दिले की बाकीच्यांची चर्चा संपलीच!

मुख्य सभेपूर्वी महिलांची निराळी सभा घ्यावी, हे तर कायदाच सांगतो. ती कागदावर होते. ती खरोखर घ्या, आणि तेथे ठरलेले मुख्य सभेत बाईनेच वाचून दाखवू द्या, तिच्या नवऱ्याने नव्हे.

हे सारे पुस्तकी आहे असे कुणी म्हणेल, तर त्याने गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाकडे पाहावे. तेथे बहुमताने निर्णय होत नाही. सर्वांची संमती मिळेपर्यंत विषय पुन्हा पुन्हा बसून बोलला जातो. एकाची हरकत असली तरी निर्णय थांबतो. शिवाय तेथे अभ्यासगट आहेत. त्यांत बाहेरचा जाणता मनुष्य बसतो, माहिती देतो, वाद करतो. परंतु निर्णय ग्रामसभाच घेते. या सवयीचे फळ असे की २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. भाषणे ऐकून माना डोलावणाऱ्या गावास हे कधी साधले असते काय?

यावर आक्षेप येतो की अशाने वेळ फार जातो व भांडणे होतात. होऊ द्या! सभेतले भांडण एका रात्रीत मिटते. सभेत दाबलेले भांडण कोर्टात जाऊन दोन पिढ्यांची जमीन खाते. शिवाय ज्या ठरावात आपला शब्द नाही, तो मोडला तरी कुणास हळहळ वाटत नाही.

सरपंच व सभासद यांच्यासाठी निघणाऱ्या शिबिरांचीही अशीच गत आहे. नाव 'कार्यशाळा', आणि कार्य एकच, ऐकणे! सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक व्याख्याने, मध्ये चहा, शेवटी प्रमाणपत्र. जो दिवसभर मुकाट बसावयास शिकला, तो गावात जाऊन दुसऱ्यास बोलते कसे करणार? तेथे एक दिवस खोटी ग्रामसभा भरवून पाळीपाळीने ती चालवावयास लावा. दहा व्याख्यानांचे काम होईल.

शेवटी कोऱ्या वहीविषयी. सह्या आधी व ठराव मागाहून, ही चाल जेथे आहे तेथे वरील सर्व शहाणपण वाया जाते. म्हणून बंधुभगिनींनो, पुढच्या ग्रामसभेत भाषण करू नका. फक्त उठून इतके म्हणा, 'आज काय ठरले ते उठण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवा, कोणाची हरकत होती तीही लिहा, मग सही करतो.' हे एक वाक्य पाच जणांनी धरून ठेवले, तर नुसते 'मम' म्हणण्याचा जमाना त्या गावापुरता तरी संपेल.